टू लावू, आयएनजी लावू, की नुसतंच सोडू?

‘आय स्टॉप्ड टू ड्रिंक टी’ आणि ‘आय स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’. ही दोन वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहिली की वर्गातून हमखास आवाज येतो, ‘मॅडम, दोन्हींत चहा सोडलाच ना?’ नाही हो. पहिल्या वाक्यातल्या बाई हातातलं काम बाजूला ठेवून निवांत चहा पितायत. चहा सोडलाय तो दुसरीनं.

मी कराडला संध्याकाळची इंग्रजीची बॅच घेते. येणारी मंडळी शाळकरी नाहीत. परदेशी नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायला निघालेल्या नर्स आहेत, कोर्टातले स्टेनो आहेत, एमआयडीसीत पर्चेस सांभाळणारे आहेत. काळ, स्पेलिंग, मेल लिहिणं, हे सगळं त्यांना येतं. घोडं अडतं ते दुसऱ्या क्रियापदापाशी. पहिलं क्रियापद झोकात लिहून होतं, आणि मग पेन हवेत: आता टू लावायचा, आयएनजी लावायचं, की नुसतंच सोडायचं? वर्गात जे सांगते तेच इथे लिहितेय. यातला बराच भाग तुम्हाला मराठीतून आधीच येतो, फक्त तो येतो हे कुणी सांगितलेलं नसतं.

टू कुठून आला

थोडा इतिहास, कारण त्यानं पुढचं पाठांतर वाचतं. इन्फिनिटिव्ह म्हणजे क्रियापदाचं ‘टू गो’, ‘टू ईट’ असं मूळ रूप. त्यातला ‘टू’ हा मूळचा दिशा दाखवणाराच ‘टू’. ‘टू पुणे’ म्हणजे पुण्याकडे, तसं ‘टू ईट’ म्हणजे खाण्याच्या दिशेनं. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण इ.स. ११०० पर्यंतच्या, क्रियापदाच्या या रूपाला स्वतःचा प्रत्यय असायचा, बहुतेक वेळा ‘अन’. कशासाठी, कशाकरता हे सांगायचं असलं की त्याच्याआधी टू लावून वेगळा प्रत्यय जोडत. पुढे प्रत्यय झिजून गेले आणि टू तेवढा उरला. ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘शॅल’, ‘मे’ ही जुनी खोडं मात्र आधीपासून टूशिवायच्या रूपाबरोबर नांदत होती, ती आजही तशीच नांदतात. म्हणून ‘आय कॅन टू गो’ होत नाही.

आयएनजीचं घराणं निराळं. ते मुळात क्रियापदापासून नाम बनवणारं शेपूट. त्यामुळे जिथे नाम बसतं तिथे ते बसतं, आणि ‘इन’, ‘ऑफ’, ‘फॉर’, ‘विदाउट’ असल्या शब्दांनंतर तर तेच हवं.

यातून हाताशी धरायला एक गोष्ट मिळते. टू लावलेलं काम पहिल्या क्रियापदाच्या पुढे असतं: व्हायचं असतं, करायचं ठरलेलं असतं. आयएनजीचं काम आधीच अस्तित्वात असतं, होऊन गेलेलं किंवा चालू असलेलं. आणि नुसतं रूप म्हणजे काम अथपासून इतिपर्यंत, सबंध. हा नियम नाही, अंदाज आहे. पण पुष्कळ चालतो. कुठे चालत नाही तेही सांगते.

मराठी जिथे हात धरते

‘रिमेंबर’ आणि ‘फरगेट’ या जोडीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण बॅचमधल्या नर्सना हा फरक ड्यूटीवर लागतो. रात्रपाळीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला पेशंट सोपवून देतेय असं समजा. ‘रिमेंबर टू चेक द बीपी’ म्हणजे बीपी बघायचंय, विसरू नकोस. काम पुढे आहे. ‘आय रिमेंबर चेकिंग द बीपी’ म्हणजे बीपी बघितल्याचं मला आठवतंय. काम मागे पडलं. मराठीत आपण हे किती सहज करतो बघा: ‘बघायला विसरू नकोस’ आणि ‘बघितल्याचं आठवतंय’. ‘-यला’ आलं की टू, ‘-ल्याचं’ आलं की आयएनजी. या दोन क्रियापदांपुरतं तरी एवढं पुरतं.

आता ‘गोळी द्यायची राहिली’ हे इंग्रजीत सांगायचं तर ‘आय फरगॉट टू गिव्ह द टॅब्लेट’. गोळी दिलेली नाही. बॅचमधली एक मुलगी इथे ‘आय फरगॉट गिव्हिंग द टॅब्लेट’ असं लिहून आली होती. याचा अर्थ निघतो गोळी दिली, पण दिल्याचं ध्यानातून गेलं. एका वाक्यात पेशंटला गोळी मिळाली नाही, दुसऱ्यात मिळून गेली आणि कुणी तरी चुकून दुसरी देण्याची शक्यता उभी राहिली. चार्टवर असं वाक्य पडलं तर डॉक्टर फोन करून विचारणारच. शिवाय ‘फरगेट’ला आयएनजी तसं क्वचितच लागतं. लागलं तर बहुतेक नकारात: ‘आय विल नेव्हर फरगेट सीइंग द सी फॉर द फर्स्ट टाइम’. दिल्याचं आठवत नसेल तर इंग्रज सरळ ‘आय डोन्ट रिमेंबर गिव्हिंग इट’ म्हणतो. तुम्हीही तेच म्हणा.

‘ट्राय’चा फरक तर मराठी माणसाला शिकवावाच लागू नये. ‘आय ट्राइड टू ओपन द विंडो’: खिडकी उघडायचा प्रयत्न केला. गंजली असेल, उघडली नसेल. ‘आय ट्राइड ओपनिंग द विंडो’: खिडकी उघडून पाहिली. उघडली, पण उकडायचं काही थांबलं नाही. आपलं ‘करून पाहणं’ म्हणजे तंतोतंत ‘ट्राय’ आणि आयएनजी. कॉम्प्युटर अडकला की ऑफिसातला पोरगा म्हणतो, ‘बंद करून चालू करून बघा’. ते ‘ट्राय रीस्टार्टिंग इट’. ‘ट्राय टू रीस्टार्ट इट’ म्हटलंत तर रीस्टार्ट करणंच अवघड आहे असं ध्वनित होतं.

‘रिग्रेट’मध्येही तेच. ‘वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ हे ‘कळवण्यास खेद वाटतो’ छापाचं पत्र, वाईट बातमी पुढच्या ओळीत येतेय. ‘आय रिग्रेट टेलिंग हिम’ म्हणजे त्याला सांगितलं आणि आता जीव खातोय. ‘मीन’ही फिरतं: ‘आय मेंट टू कॉल यू’ मध्ये मनात होतं, बेत होता, ‘द मॉर्निंग शिफ्ट मीन्स गेटिंग अप ॲट फोर’ मध्ये बेत कसला, चारला उठणं आलंच.

‘गो ऑन’साठी माझं ठरलेलं उदाहरण यशवंतराव चव्हाणांचं, कराडात दुसरं कुणाचं देणार? ते १९६० मध्ये महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि १९६२ मध्ये देशाचे संरक्षणमंत्री. इंग्रजीत: ‘ही बिकेम चीफ मिनिस्टर इन १९६० अँड वेंट ऑन टू बिकम डिफेन्स मिनिस्टर’. एक टप्पा संपला, पुढचा आला. प्रमुख पाहुण्यांची ओळख इंग्रजीत करून द्यायची असेल तर हा ‘वेंट ऑन टू’ फार उपयोगी. पण पाहुण्यांचं भाषण लांबलं तर तिथे ‘ही वेंट ऑन टॉकिंग’, बोलतच राहिले. ‘ही वेंट ऑन टू टॉक अबाउट वॉटर’ म्हणजे आधी दुसरं काही बोलले, मग पाण्याकडे वळले.

मराठी जिथे हात सोडते

आता कोर्टातल्या मंडळींचा प्रश्न, आणि हा खरोखर बारीक आहे. साक्षीदार मराठीत सांगतो, ‘मी त्याला पैसे घेताना पाहिलं.’ इंग्रजीत काय टाइप करायचं? ‘आय सॉ हिम टेक द मनी’ की ‘आय सॉ हिम टेकिंग द मनी’?

दोन्ही बरोबर इंग्रजी आहेत, पण साक्ष एक नाही. ‘टेक’ म्हटलं की साक्षीदारानं सगळा प्रकार पाहिला: हात पुढे झाला, नोटा हातात आल्या, खिशात गेल्या. ‘टेकिंग’ म्हटलं की त्याची नजर गेली तेव्हा घेणं चालू होतं. सुरुवात पाहिली का, पुरतं घेऊन झालेलं पाहिलं का, हे त्या वाक्यात नाही. उलटतपासणीत वकील नेमका याच फटीत पाचर मारू शकतो.

प्रीतिसंगमावर उभं राहून हेच करून बघा. कृष्णा-कोयनेच्या संगमावर एक मुलगा पोहतोय. ‘आय सॉ अ बॉय क्रॉस द रिव्हर’: तो या काठावरून त्या काठावर पोचला, आणि तोवर तुम्ही बघत होता. ‘आय सॉ अ बॉय क्रॉसिंग द रिव्हर’: तो मधे कुठेतरी होता. पुढे पोचला की माघारी वळला, तुम्हाला ठाऊक नसेलही. म्हणून ‘क्रॉसिंग’च्या पुढे ‘बट ही टर्न्ड बॅक’ जोडता येतं, ‘क्रॉस’च्या पुढे जोडलं की वाक्य स्वतःलाच खोटं पाडतं.

आपलं ‘ताना’ हे दोन्ही अर्थ पोटात घेतं, त्यामुळे इथे मराठीवर भिस्त ठेवून भागत नाही. माझा सल्ला असा की अनुवाद करणाऱ्यानं मनाने ठरवू नये. विचारायची सोय असेल तर साक्षीदाराला विचारावं, पूर्ण पाहिलं का? सोय नसेल तर ‘टेकिंग’ लिहावं, कारण ते कमी दावा करतं. ‘हिअर’, ‘वॉच’, ‘फील’, ‘नोटिस’ यांनाही हाच न्याय. ‘आय हर्ड हर सिंग’ म्हणजे गाणं ऐकलं. ‘आय हर्ड हर सिंगिंग’ म्हणजे जिन्यावरून जाताना कानावर पडलं.

यात एक गंमत आहे. वाक्य कर्मणी केलं की लपलेला टू बाहेर येतो. ‘दे सॉ हिम टेक इट’, पण ‘ही वॉज सीन टू टेक इट’. ‘दे मेड अस वेट’, पण ‘वी वेअर मेड टू वेट’. परीक्षेत यावर एक मार्क ठेवलेला असतोच असं समजून चाला.

लावणे, देणे, घेणे

पर्चेसवाल्यांचं काम म्हणजे दिवसभर दुसऱ्यांकडून कामं करून घेणं. त्यामुळे ‘मेक’, ‘लेट’, ‘हॅव’, ‘गेट’ त्यांच्या रोजच्या मेलमध्ये असतात, आणि रोज चुकतात. समजा सप्लायरनं पाठवलेला लॉट रिजेक्ट झाला आणि त्यानं तो बदलून दिला. साहेबांना कळवायचंय.

‘वी मेड द सप्लायर रिप्लेस द लॉट’: बदलायला लावला. त्याची इच्छा नव्हती, आपण भाग पाडलं.

‘वी गॉट द सप्लायर टू रिप्लेस द लॉट’: त्याला पटवलं, गळ घातली, मागे लागलो, आणि बदलून घेतला.

‘वी हॅड द सप्लायर रिप्लेस द लॉट’: बदलून घेतला, झालं. नेहमीचा व्यवहार, कुणी आवाज चढवला नाही. हे वळण अमेरिकन इंग्रजीत जास्त दिसतं.

‘वी लेट द सप्लायर रिप्लेस द लॉट’: बदलू दिला. म्हणजे त्यालाच बदलायचा होता, आपण मोठ्या मनाने परवानगी दिली. पर्चेसवाल्यानं हे वाक्य लिहिलं तर साहेब भुवया उंचावतील.

चौघांत टू एकट्या ‘गेट’ला. ‘करायला लावणे’ मधलं ‘-यला’ ऐकून लोक ‘मेड हिम टू डू’ लिहितात, ते नको. वर सांगितलेली ‘-यला’ची खूण ‘मेक’ला लागू नाही. ‘अलाव’, ‘फोर्स’, ‘पर्सुएड’, ‘आस्क’ यांचा अर्थ जवळपास तोच, पण यांना टू लागतो: ‘अलाव्ड हिम टू गो’, पण ‘लेट हिम गो’. याचं कारण शोधत बसू नका, ‘मेक’ आणि ‘लेट’ ही जुन्या वळणाची, एवढं पुरे. ‘हेल्प’ला दोन्ही चालतं, ‘हेल्प मी लिफ्ट इट’ किंवा ‘हेल्प मी टू लिफ्ट इट’. फरक करणारे करतात, मी करत नाही.

माणसाचं नावच घ्यायचं नसेल तर तिसरी वाट: ‘वी गॉट द लॉट रिप्लेस्ड’. कुणी बदलला ते गुलदस्त्यात. मेलमध्ये हे बऱ्याचदा सगळ्यात शहाणपणाचं ठरतं.

जो टू इन्फिनिटिव्हचा नाहीच

‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’. भारतातून निघणाऱ्या मेलांमध्ये हे वाक्य इतक्या वेळा असतं की आता ते बरोबर वाटायला लागलंय. ते ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’ हवं. इथला टू हा ‘कडे’वाला शब्दयोगी टू आहे, क्रियापदाला चिकटणारा नाही, आणि शब्दयोगीनंतर आयएनजी.

ओळखायचं कसं? टूच्या पुढे ‘इट’ ठेवून बघा. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ जमतं. ‘आय ऑब्जेक्ट टू इट’ जमतं. ‘आय ॲम यूज्ड टू इट’ जमतं. मग तिथे आयएनजी. ‘आय वाँट टू इट’? नाही जमत. तिथे साधं क्रियापद. ही परीक्षा करायला पाच सेकंदही लागत नाहीत आणि ती फसलेली मी तरी पाहिली नाही.

‘यूज्ड टू’चा घोळ याच परीक्षेत सुटतो. ‘आय यूज्ड टू गेट अप ॲट फाइव्ह’ म्हणजे पाचला उठायचे, आता उठत नाही. ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप ॲट फाइव्ह’ म्हणजे पाचला उठायची सवय आहे, आताही. मुलाखतीत पहिलं बोललात तर समोरचा समजेल तुम्ही आता आळशी झालात.

जिथे अंदाज चालत नाही

टू म्हणजे पुढे, आयएनजी म्हणजे आधीचं. ‘होप’, ‘प्लॅन’, ‘डिसाइड’, ‘प्रॉमिस’, ‘रिफ्यूज’, ‘ॲग्री’ यांना टू; ‘एन्जॉय’, ‘फिनिश’, ‘ॲडमिट’, ‘डिनाय’, ‘मिस’ यांना आयएनजी. छान जुळलं. मग ‘सजेस्ट’, ‘कन्सिडर’, ‘पोस्टपोन’, ‘अव्हॉइड’ येतात आणि सगळं विस्कटतं. काम पुढेच असतं, पण लागतं आयएनजी: ‘आय सजेस्ट गोइंग बाय ट्रेन’. ही चार मी पाठ करायला सांगते, कारण दुसरा उपाय नाही. त्यातही ‘ही सजेस्टेड मी टू गो’ हे आपल्याकडचं खास अपत्य. ते ‘ही सजेस्टेड दॅट आय गो’ असं लिहा. इथला ‘गो’ भूतकाळात जात नाही, ‘गोज’ही होत नाही, नुसताच राहतो.

‘बिगिन’, ‘स्टार्ट’, ‘कंटिन्यू’ यांच्यात फरक शोधण्यात वेळ घालवू नका. ‘इट स्टार्टेड रेनिंग’, ‘इट स्टार्टेड टू रेन’, पाऊस एकच. फक्त दोन आयएनजी शेजारी आणू नका: ‘इट इज स्टार्टिंग टू रेन’. ‘लाइक’मध्ये एक छटा आहे, विशेषतः ब्रिटिश बोलण्यात. ‘आय लाइक गोइंग टू द डेंटिस्ट’ म्हणणाऱ्याला त्यात मजा वाटते, बिचारा. ‘आय लाइक टू गो टू द डेंटिस्ट ट्वाइस अ इयर’ म्हणणाऱ्याला ते शहाणपणाचं वाटतं. ‘वुड लाइक’ला मात्र टूच.

हॅव घातलेलं रूप

वर्तमानपत्रवाले ‘ही इज सेड टू हॅव लेफ्ट द कंट्री’ का लिहितात? कारण ‘ही इज सेड टू लीव्ह’ म्हटलं तर जाणं घडून गेलंय हे सांगताच येत नाही. टूनंतर ‘हॅव’ आला की काम पहिल्या क्रियापदाच्या मागे जातं. ‘शी सीम्स टू बी इल’, आजारी दिसतेय. ‘शी सीम्स टू हॅव बीन इल’, आजारी होती असं दिसतंय, आता बरी असेल. आपलं ‘देश सोडल्याचं सांगितलं जातं’ यातला ‘-ल्याचं’ पुन्हा इथे कामाला येतो, पण या खेपेला टू आणि हॅव घेऊन.

परीक्षेतल्या पत्रात नर्सना हे लागतं: ‘द पेशंट क्लेम्स टू हॅव टेकन द टॅब्लेट’. ‘क्लेम्स टू टेक’ केलंत तर तो रोज घेतो असा अर्थ होईल. माझं मत विचाराल तर ‘क्लेम्स’ऐवजी ‘रिपोर्ट्स टेकिंग’ बरं, ‘क्लेम’मध्ये अविश्वासाचा वास येतो. पेशंटवर अविश्वास पत्रात दाखवू नये.

नकार आणि मधे घुसलेला शब्द

‘आय डिड नॉट डिसाइड टू गो’ आणि ‘आय डिसाइडेड नॉट टू गो’. पहिल्यात जायचं ठरवलंच नाही, अजून विचार चालू असेल. दुसऱ्यात जायचं नाही असं पक्कं ठरवलं. राजीनामा, लग्न, जमीन, असल्या विषयांवर लिहिताना ‘नॉट’ कुठे ठेवताय ते दोनदा बघा.

टू आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालू नये असा धाक आपल्या पिढीला शाळेत घातलेला होता. हा नियम एकोणिसाव्या शतकातला आहे. कँटरबरीचे डीन हेन्री अल्फर्ड यांनी १८६४ मध्ये असल्या घुसखोरीवर नाराजी नोंदवली होती, आणि तेव्हापासून मास्तर लोक ती पुढे चालवत आले. मी तो मोडते. कारण ऐका. ‘शी फेल्ड कम्प्लीटली टू अंडरस्टँड इट’ म्हणजे तिला ओ की ठो कळलं नाही. ‘शी फेल्ड टू कम्प्लीटली अंडरस्टँड इट’ म्हणजे कळलं, पण पूर्ण नाही. शब्द बाहेर काढला की अर्थच पालटतो, मग मधे राहू द्यावा. मात्र तपासणारा जुन्या वळणाचा असेल तर शब्द शेवटी न्या, भांडत बसू नका: ‘शी डिड नॉट अंडरस्टँड इट कम्प्लीटली’.

टू लेट

‘ईगर टू प्लीज’ आणि ‘ईझी टू प्लीज’. वरवर जुळी वाक्यं. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी ही जोडी प्रसिद्ध केली. ‘राम इज ईगर टू प्लीज’मध्ये राम दुसऱ्यांना खूश करायला धडपडतोय, ‘राम इज ईझी टू प्लीज’मध्ये दुसरे रामला खूश करतात आणि तो चटकन होतो. टूच्या पुढचं काम कोण करणार, हे त्या रूपात कुठेच लिहिलेलं नसतं. ते आधीच्या शब्दावरून ताडायचं.

गल्लीतल्या बंगल्यावर ‘टू लेट’ची पाटी असते ना, तिच्यातही हेच. घर काही स्वतःला भाड्यानं देत नाही. तरी ‘हाउस टू लेट’ चालतं, ‘टू बी लेट’ लिहायची गरज पडत नाही. मराठी पाटी काय म्हणते? ‘घर भाड्याने देणे आहे.’ तीही कर्तरीच.

पण ‘टू डू’ आणि ‘टू बी डन’ सगळीकडे एकमेकांच्या जागी बसत नाहीत. वॉर्डात नर्सनं ‘देअर इज नथिंग टू डू’ म्हटलं तर आज काम नाही, बसून कंटाळा आला. ‘देअर इज नथिंग टू बी डन’ म्हटलं तर आता इलाज उरला नाही. नातेवाईक समोर असताना यातलं कोणतं तोंडातून जातंय याचं भान हवंच.

सरावासाठी फार काही नको. इंग्रजी वर्तमानपत्राचं एक पान घ्या, पेन्सिलनं प्रत्येक टूला गोल करा, आणि प्रत्येकाला ‘इट’ लावून तो कुठला टू आहे ते बघा. मथळ्यांतला टू सोडू नका: ‘मिनिस्टर टू व्हिजिट सातारा’मध्ये ‘इज’ गाळलाय, आणि भेट अजून व्हायची आहे. मग बातमी वाचताना ‘सॉ’, ‘हर्ड’, ‘मेड’, ‘लेट’ दिसलं की पुढे काय आलंय ते टिपा. आठवडाभर एवढं केलंत तर पेन हवेत थांबायचं कमी होतं.

आणि ही तीन वाक्यं स्वतः भरा. ‘ही ॲडमिटेड’ आणि चोरी करणं. ‘द वॉचमन वॉज हर्ड’ आणि ओरडणं. ‘आय स्टॉप्ड’ आणि बसस्टँडवर मैत्रिणीशी बोलणं, तुम्हीच बोललात असं धरून. पहिल्यात ‘स्टीलिंग’. दुसऱ्यात ‘टू शाउट’, कारण वाक्य कर्मणी झालंय. ‘शाउटिंग’ लिहिलंत तरी बरोबर, मग तो ओरडत असताना ऐकू आला. तिसऱ्यात ‘टू टॉक’. ‘टॉकिंग’ लिहिलं असेल तर मैत्रिणीशी बोलणं टाकलंत असा अर्थ होतो.